जुनी जखम, नवा दावा : माजी सैनिकांचे अपंगत्व निवृत्तिवेतन

रत्नागिरीहून शिरगाव, काळबादेवीमार्गे गणपतीपुळ्याकडे जाणारा पर्यटक आरे-वारेच्या चढणीवर गाडी थांबवतो, दोन्ही किनारे डोळ्यांत साठवतो आणि पुढे निघतो. याच चढणीवरच्या एखाद्या वाडीत राहणाऱ्या माजी सैनिकाला हा रस्ता वेगळा भासू शकतो. ऐन पंचविशीत, सरावात किंवा सीमेवर दुखावलेला गुडघा साठीत रोजच त्रास देऊ लागतो. तेव्हा प्रश्न पडतो की, सेवेत असताना झालेल्या या दुखापतीचा मोबदला आता, इतक्या वर्षांनंतर मागता येईल काय?

मागता येतो. मात्र हा दावा आजच्या वेदनेवर उभा राहत नाही. तो उभा राहतो त्या दिवशीच्या कागदावर. सैन्यातील अपंगत्व निवृत्तिवेतनाचे, म्हणजे ज्याला सैनिक सर्रास डिसॅबिलिटी पेन्शन म्हणतात त्याचे, नियम सैनिकाच्या बाजूला झुकणारे आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही ते वारंवार सैनिकाच्या बाजूने लावले आहेत. तरीही अनेक दावे अडतात, कारण कागद कोठे आहेत आणि ते किती काळ टिकतात, हे दावेदाराला वेळेवर कळत नाही.

तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात

लष्कराच्या 1961 च्या निवृत्तिवेतन नियमावलीतील नियम 173 हा या विषयाचा पाया आहे. सेवेमुळे उद्भवलेल्या किंवा सेवेमुळे बळावलेल्या अपंगत्वामुळे ज्याला सेवेतून बाहेर पडावे लागले आणि ज्याचे अपंगत्व 20 टक्के किंवा त्याहून अधिक ठरले, त्याला हे निवृत्तिवेतन देय होते. नौदल व हवाई दलाच्या नियमावल्याही याच तत्त्वावर बेतलेल्या आहेत.

यातून दाव्याचे तीन दुवे निघतात. पहिला दुवा म्हणजे दुखापत किंवा आजार सेवाकाळातच झाला. दुसरा, त्याचा सैनिकी कर्तव्याशी संबंध आहे. तिसरा, सेवेतून बाहेर पडताना त्याचे प्रमाण वैद्यकीय मंडळाने किती टक्के ठरविले. या तिन्हींपैकी एकही दुवा निखळला, तर दावा लंगडा पडतो.

'उद्भवलेले' आणि 'बळावलेले' यांतील भेद महत्त्वाचा आहे. सरावात दरीत कोसळून मोडलेला पाय हा सेवेमुळे उद्भवलेला. अंगात सुप्त असलेला विकार अतिउंचीवरील थंडीमुळे वा सततच्या ताणामुळे वाढला, तर तो सेवेमुळे बळावलेला. नियमांच्या दृष्टीने दोन्ही सारखेच पात्र आहेत. वैद्यकीय मंडळाच्या कागदावर 'दोन्हींपैकी काहीच नाही' असा शेरा असेल, तर मात्र दावा तेथेच अडतो. बहुतेक जुन्या दाव्यांची लढाई या एका शेऱ्याविरुद्ध असते.

कर्तव्य म्हणजे काय?

'कर्तव्य' हा शब्द सामान्य समजुतीपेक्षा व्यापक आहे. लढाई, गस्त, पहारा आणि प्रशिक्षण तर त्यात येतातच. युनिटच्या परवानगीने चाललेले सांघिक खेळ आणि कवायत यांत झालेली दुखापतही त्यात येऊ शकते. फुटबॉलच्या सामन्यात निकामी झालेला गुडघा 'खेळातला' म्हणून सोडून देण्याचे कारण नाही.

खरा वाद उद्भवतो तो रजेवरील अपघातांबाबत. मदनसिंग शेखावत यांना रजेवर घरी जाताना झालेल्या रेल्वे अपघातात हात गमवावा लागला. प्रवास स्वखर्चाने केला असल्याचे कारण पुढे करून त्यांचा दावा नाकारला गेला होता. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियमाचा हेतू पाहून तो मान्य केला. उलट, 2011 मध्ये जुझार सिंग खटल्यात आणि 2019 मध्ये धरमबीर सिंग खटल्यात, रजेवर असताना झालेल्या अपघाताचा सैनिकी सेवेशी कार्यकारण संबंध नसल्याने निवृत्तिवेतन नाकारण्यात आले. याचा अर्थ असा की, रजा मंजूर होती एवढे पुरेसे नाही. अपघाताचा सेवेशी धागा दाखवावा लागतो.

पुराव्याचा भार कोणावर?

1982 च्या हक्कविषयक नियमांतील नववा नियम सांगतो की, पात्रतेच्या अटी सिद्ध करण्यास दावेदाराला सांगितले जाणार नाही आणि वाजवी शंकेचा फायदा त्यालाच मिळेल. चौदाव्या नियमाचे तत्त्व असे की, भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नाही आणि ज्यामुळे पुढे सेवा सोडावी लागली, तो आजार सेवेतच उद्भवला असे मानले जाईल. भरतीची वैद्यकीय तपासणी कडक असते. तिच्यात तंदुरुस्त ठरलेल्या तरुणाचे शरीर पुढे बिघडले, तर त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी सेवेवर येते, असा हा विचार आहे.

या नियमांना धार आली ती धरमवीर सिंग यांच्या प्रकरणाने. 1985 मध्ये सिग्नल कोअरमध्ये दाखल झालेल्या या जवानाला 1994 मध्ये झटक्यांच्या विकारामुळे 20 टक्के अपंगत्वासह सेवेतून कमी करण्यात आले. वैद्यकीय मंडळाने विकाराचा सेवेशी संबंध नाही असे लिहिले, पण त्याची कारणे दिली नाहीत. 2 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, भरतीच्या वेळी नोंद नसेल आणि मंडळाने कारणमीमांसा केली नसेल, तर गृहीतक सैनिकाच्या बाजूचे राहील. 2014 मध्ये सुखविंदर सिंग आणि 2015 मध्ये राजबीर सिंग यांच्या प्रकरणांत हेच सूत्र दृढ झाले.

येथे एक सावधगिरी हवी. हे गृहीतक मुख्यतः आजारांबाबत उपयोगी पडते. शिवाय प्रत्येक प्रकरणात ते आपोआप लागू होत नाही. 2019 मध्ये नरसिंग यादव यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, काही मानसिक विकार भरतीच्या तपासणीत आढळून येणे शक्यच नसते; त्यामुळे तेव्हा नोंद नव्हती एवढ्यावरून हक्क मिळत नाही. तसेच 2008 आणि 2023 मध्ये हक्कविषयक नियम नव्याने आले. 21 सप्टेंबर 2023 पासून लागू झालेल्या नियमांत संज्ञा आणि कसोट्या बऱ्याच बदलल्या आहेत. म्हणून सेवेतून बाहेर पडण्याची तारीख कोणती आणि त्या तारखेला कोणते नियम लागू होते, हे प्रथम पाहावे.

जखमेचे कागद कोणते?

आजाराला गृहीतकाचा आधार मिळतो, जखमेला मात्र घटनेची नोंद लागते. त्या नोंदीचे मुख्य कागद असे आहेत :

- जखमेचा अहवाल. आय.ए.एफ.वाय. 2006 या नमुन्यातील हा अहवाल सर्वांत मोलाचा. घटना केव्हा, कोठे आणि कशी झाली, जवान त्या वेळी कर्तव्यावर होता काय, याबाबत कमांडिंग ऑफिसरचे मत त्यात असते. जखमेच्या बाबतीत वैद्यकीय मंडळही याच मतावर विसंबते.
- चौकशी मंडळाची कार्यवाही. गंभीर अपघातात युनिटकडून कोर्ट ऑफ इन्क्वायरी होते. साक्षीदारांचे जबाब तिच्यात असतात.
- रुग्णालयाचे कागद. दाखल होण्याची व सुटीची नोंद, शस्त्रक्रियेचे टिपण, क्ष-किरण अहवाल.
- वैद्यकीय श्रेणी मंडळाची कागदपत्रे. जखमेनंतर श्रेणी खाली आली असल्यास तिची तारीख व कारण.
- सेवामुक्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाची कार्यवाही. टक्केवारी आणि सेवेशी संबंध असल्या-नसल्याचा शेरा येथेच असतो.
- डिस्चार्ज बुक. सेवामुक्तीचे कारण आणि त्या वेळची वैद्यकीय श्रेणी यातून कळते. 1954 च्या आर्मी रूल्समधील नियम 13(3) खाली वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरल्याची नोंद असल्यास ती ठळकपणे दाखवावी.

अनेकांचा समज असा असतो की, जिल्हा शासकीय रुग्णालयाचा आजचा अपंगत्वाचा दाखला दिला की काम झाले. तो दाखला नागरी सवलतींसाठी आहे. सैनिकी निवृत्तिवेतनाची टक्केवारी सैनिकी वैद्यकीय मंडळच ठरवते. नागरी डॉक्टरांचा अहवाल पूरक ठरू शकतो. आजचे दुखणे त्या जुन्या जखमेचाच परिणाम आहे, हे तो दाखवू शकतो. मात्र मूळ नोंदीची जागा तो घेत नाही.

कागद कोठे असतात?

दावेदार आरे-वारेत असला, तरी त्याचे कागद त्याच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात असतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे पुण्यातील खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला, तर महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागर येथे. कोकणातून नौदलात गेलेल्यांचे कागद मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधील नाविक कार्यालयात आणि हवाई दलाचे दिल्लीतील सुब्रतो पार्क येथे असतात. लष्करी निवृत्तिवेतनाची मंजुरी प्रयागराज येथील संरक्षण लेखा कार्यालयातून होते.

या अंतरामुळेच रत्नागिरीतील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे महत्त्व आहे. अर्जाचा मसुदा, योग्य अभिलेख कार्यालयाचा पत्ता, पाठपुरावा आणि डिस्चार्ज बुकातील नोंदींचा अर्थ या गोष्टींसाठी सर्वप्रथम तेथे जावे.

अभिलेख कार्यालयाने पत्राला उत्तर न दिल्यास माहितीचा अधिकार कायदा, 2005 हे साधन आहे. दहा रुपये शुल्कात स्वतःच्या वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची, जखमेच्या अहवालाची आणि सेवानोंदींची प्रत मागता येते. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असून, न मिळाल्यास अपील करता येते. अर्जात 'माझी सर्व कागदपत्रे द्यावीत' असे मोघम लिहू नये. कागदाचे नाव, वर्ष, युनिट, रुग्णालय आणि सेवा क्रमांक द्यावा.

पंचवीस वर्षांची घडी

या विषयातील सर्वांत कठोर वास्तव नोंदींच्या आयुष्याचे आहे. निवृत्तिवेतन न मिळता, म्हणजे अल्प सेवेनंतर घरी आलेल्या जवानांची सेवा-कागदपत्रे 25 वर्षांनंतर नष्ट केली जातात. त्यानंतर 'लाँग रोल' नावाच्या नोंदवहीतील त्रोटक नोंद तेवढी उरते. दोन-चार वर्षांच्या सेवेनंतर जखमी होऊन परतलेल्या जवानाला निवृत्तिवेतनाची सर्वाधिक गरज असते आणि नेमके त्याचेच कागद आधी जातात.

कागद नष्ट झाल्याचे लेखी उत्तर आले, तर ते उत्तरही जपून ठेवावे. मग घरातील ट्रंक महत्त्वाची ठरते. रुग्णालयातून मिळालेली चिठ्ठी, सेवामुक्तीचा दाखला, जुनी पत्रे, पदक वा 'वूंड मेडल'ची नोंद यांतून साखळी पुन्हा जोडता येते. त्याच तुकडीतील सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे घेता येतात. मात्र प्रतिज्ञापत्रात तारीख, ठिकाण आणि प्रत्यक्ष पाहिलेली घटना एवढेच असावे. स्तुती आणि अंदाज यांनी पुरावा दुबळा होतो.

उशीर झाला, तर?

'आता मुदत संपली' हे उत्तर अनेकांना मिळते आणि ते तेथेच थांबतात. तरसेम सिंग यांचे प्रकरण त्यांनी लक्षात ठेवावे. ते 1983 मध्ये वैद्यकीय कारणाने सेवेतून बाहेर पडले आणि 1999 मध्ये न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने 13 ऑगस्ट 2008 रोजी म्हटले की, निवृत्तिवेतन न देणे ही दर महिन्याला नव्याने घडणारी चूक आहे. त्यामुळे केवळ उशिरामुळे हक्क बुडत नाही. थकबाकी मात्र दाद मागण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित राहिली. म्हणजे विलंबाची किंमत हक्काने मोजावी लागत नसली, तरी पैशाने मोजावी लागते.

काही आजार सेवा सोडल्यानंतर डोके वर काढतात. त्यांचे मूळ सेवाकाळातील परिस्थितीत असल्याचे वैद्यकीयदृष्ट्या दाखविता आले, तर तोही दावा करता येतो. यासाठी नियमांत ठरावीक कालमर्यादा होती.

टक्केवारी आणि रक्कम

अपंगत्व निवृत्तिवेतनाचे दोन भाग असतात. एक सेवेबद्दलचा आणि दुसरा अपंगत्वाबद्दलचा. पूर्ण सेवेनंतर नियमित निवृत्तिवेतन घेणाऱ्याला दावा मंजूर झाल्यास अपंगत्वाचा भाग वाढून मिळतो. 2006 नंतरच्या नियमांनुसार 100 टक्के अपंगत्वासाठी हा भाग शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के धरला जातो व अपंगत्वाच्या प्रमाणात कमी होतो.

31 जानेवारी 2001 च्या शासकीय पत्राने टक्केवारीचे पूर्णांकन आले. 50 पेक्षा कमी असल्यास 50, 50 ते 75 असल्यास 75 आणि 76 ते 100 असल्यास 100 टक्के धरावे, असे ठरले. समजा, शेवटचे वेतन 20,000 रुपये व अपंगत्व 30 टक्के आहे. पूर्णांकनाशिवाय अपंगत्वाचा भाग दरमहा 1,800 रुपये होईल. तोच 50 टक्के धरल्यावर 3,000 रुपये होईल. महागाई सवलत वेगळी. ही सोय प्रारंभी वैद्यकीय कारणाने काढलेल्यांनाच दिली जात असे. 10 डिसेंबर 2014 रोजी राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती सेवाकाळ पूर्ण करून निवृत्त झालेल्या अपंगत्वधारकांनाही लागू केली. पूर्णांकनाच्या थकबाकीबाबत स्वतंत्र वाद झाले असल्याने त्याबाबत जाणकाराचा सल्ला घ्यावा.

प्रत्यक्ष युद्धात किंवा घोषित मोहिमेत जखमी झालेल्यांसाठी युद्धजखम निवृत्तिवेतनाची वेगळी व अधिक दराची तरतूद आहे. 1971 चे युद्ध, सियाचीनमधील मोहीम, श्रीलंकेतील शांतिसेना किंवा 1999 चे कारगिल युद्ध यांत जखमी झालेल्यांनी आपले प्रकरण कोणत्या वर्गात नोंदले गेले, हे तपासून पाहावे. 1 जानेवारी 2006 पासून स्वेच्छेने मुदतपूर्व निवृत्त झालेल्यांनाही, 29 सप्टेंबर 2009 च्या पत्रानुसार, अपंगत्वाचा भाग मागता येतो.

दाद मागण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी म्हणजे अभिलेख कार्यालयाकडे लेखी दावा. तो नाकारला गेल्यास सहा महिन्यांत पहिले अपील आणि तेही फेटाळल्यास दुसरे अपील करावे. अपिलात प्रत्येक वेळी मागणी सुस्पष्ट असावी. नव्याने वैद्यकीय मंडळ हवे, शेरा बदलून हवा की केवळ पूर्णांकन हवे, हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे.

त्यानंतरचा दरवाजा सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा. 2007 च्या कायद्याने स्थापन झालेले हे न्यायाधिकरण 2009 पासून काम करीत असून, महाराष्ट्र, गोवा व गुजरातसाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम निर्णयापासून सहा महिन्यांत तेथे जावे लागते. उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत जोडता येतो. न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग खुला असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये परशोतम दास प्रकरणात स्पष्ट केले आहे.

तटरक्षक दल, सीमा सुरक्षा दल व केंद्रीय राखीव पोलीस दल यांतील निवृत्तांना मात्र हे न्यायाधिकरण लागू नाही. त्यांचे दावे केंद्र सरकारच्या असाधारण निवृत्तिवेतन नियमांखाली चालतात. किनारपट्टीवरील गावांत तटरक्षक दलातील निवृत्तही असल्याने हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

वकिलाचा खर्च परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विनामूल्य साह्यासाठी अर्ज करता येतो. सैनिक कुटुंबांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै 2025 मध्ये 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली असून, सैनिक कल्याण कार्यालयांमध्ये विधी साह्य केंद्रे उभारण्याचा तिचा हेतू आहे. थकबाकीच्या टक्केवारीवर काम करण्याचे आमिष दाखविणाऱ्या मध्यस्थांना मूळ कागद कधीही देऊ नयेत.

आधी करावयाची कामे

दावा करावयाचा की नाही, याचा निर्णय नंतरही घेता येईल. पुढील चार कामे मात्र लगेच करावीत. डिस्चार्ज बुकाच्या प्रत्येक पानाची छायाप्रत काढून ती दोन ठिकाणी ठेवावी. सेवामुक्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाची प्रत हाती नसल्यास ती अभिलेख कार्यालयाकडे मागावी. दुखापतीची तारीख, ठिकाण, युनिट, रुग्णालय आणि त्या वेळी सोबत असलेल्यांची नावे एका कागदावर लिहावीत. हा कागद पत्नी व मुलांना दाखवून ठेवावा.

चौथे काम सर्वांत अधिक दुर्लक्षित राहते. दावा प्रलंबित असताना सैनिकाचे निधन झाल्यास देय थकबाकीसाठी कायदेशीर वारस तो पुढे चालवू शकतात. पण नवऱ्याचा पाय कोणत्या वर्षी, कोणत्या छावणीत मोडला हे ज्या घरात कोणालाच ठाऊक नसते, तेथे नियम कितीही अनुकूल असले तरी उपयोगी पडत नाहीत. गुडघ्याची गोष्ट घरातल्यांना सांगून ठेवणे, ती कागदावर उतरविणे आणि त्या कागदाला योग्य कार्यालयाचा रस्ता दाखविणे, एवढे तरी आज प्रत्येक माजी सैनिकाच्या हाती आहे.